विभागाच्या संकेतस्थळासाठी मुक्तस्रोत आशय-व्यवस्थापन प्रणालीची निवड : काही विचार

विद्यापीठीय विभागाचे संकेतस्थळ नव्याने उभारावयाचे ठरले म्हणजे पहिली चर्चा होते ती मुखपृष्ठाची. छायाचित्र कोणते घ्यावे, विद्यापीठाची मुद्रा डावीकडे असावी की उजवीकडे, विभागप्रमुखांचे मनोगत किती ओळींचे असावे, या गोष्टींवर दोन-दोन बैठकी खर्ची पडतात. ज्या यंत्रणेवर हे सारे उभे राहावयाचे तिचा निर्णय मात्र बहुधा सभेबाहेर, एखाद्या उत्साही विद्यार्थ्याच्या किंवा बाहेरच्या कंत्राटदाराच्या सवयीप्रमाणे होऊन जातो. मुखपृष्ठ सहा महिन्यांनी बदलता येते. यंत्रणा बदलणे हे ग्रंथालयातील प्रत्येक ग्रंथाला नवा दाखल क्रमांक देण्यासारखे काम आहे. यास्तव हा निर्णय कोणत्या प्रश्नांच्या आधारे घ्यावा, आणि मराठीचा अभ्यास करणाऱ्या विभागाला त्यात कोणत्या विशेष अडचणी येतात, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

प्रथम संज्ञेचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. आशय-व्यवस्थापन प्रणाली म्हणजे मजकूर एकीकडे आणि मांडणी दुसरीकडे ठेवणारी व्यवस्था. लेखक एका कोऱ्या अर्जात मजकूर भरतो. तो डेटाबेसमध्ये साठवला जातो. संपादक त्याला मान्यता देतो. आणि वाचकाने पान मागितले की त्या क्षणी ठरीव साच्यात मजकूर बसवून पान तयार होते. छापखान्यातील जुळाऱ्याचे काम येथे प्रणाली करते. साचा बदलला तर हजार पाने एकदम नव्या रूपात दिसतात, मजकुराला हात लावावा लागत नाही. या व्यवस्थेचा लाभ मोठा आहे. पण त्याचबरोबर एक पराधीनताही येते. प्रणाली बंद पडली की मजकूर सुरक्षित असूनही वाचकाला कोरे पान दिसते.

ही भीती काल्पनिक नाही. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका विभागात एका हुशार विद्यार्थ्याने हस्तलिखितांच्या नोंदींचे संकेतस्थळ मोठ्या कष्टाने उभे केले होते. तो विद्यार्थी पुढे परदेशी गेला. काही वर्षांनी सर्व्हरवरील पीएचपी या भाषेची आवृत्ती बदलली, तेव्हा जुन्या प्रणालीतील कित्येक आज्ञा नव्या आवृत्तीला कळेनाशा झाल्या आणि एका सकाळी सर्व पाने पांढरी झाली. पासवर्ड मिळविण्यातच दोन महिने गेले. अखेर डेटाबेस हाती आला व नोंदीही मिळाल्या. नोंदींना जोडलेल्या पृष्ठचित्रांचे फोल्डर मात्र कोणीच उतरवून ठेवले नव्हते. त्यांतील दोन पोथ्या मूळ मालकाकडे परत गेल्या होत्या आणि मालकाचे घर मधल्या काळात पाडले गेले होते. त्या पोथ्यांची आता केवळ पत्रसंख्या आणि आद्यंत आपल्याला ठाऊक आहेत.

आता ‘मुक्तस्रोत’ या विशेषणाकडे वळू. ते ‘फुकट’ या अर्थी सर्रास घेतले जाते. तो त्याचा गौण भाग होय. ज्या प्रणालीची मूळ आज्ञावली कोणासही वाचता येते, बदलता येते आणि बदललेल्या रूपात पुढे वाटता येते, ती मुक्तस्रोत. येथे विचारात घेतलेल्या वर्डप्रेस, ड्रुपल आणि जूमला या तिन्ही प्रणाली जीपीएल या परवान्याखाली प्रसिद्ध होतात. या परवान्याचे मर्म पाठचिकित्सेच्या अभ्यासकास चटकन उमगेल. एका मूळ प्रतीवरून दोन लेखकांनी नकला केल्या आणि पुढे त्या दोन प्रतपरंपरा स्वतंत्रपणे वाढल्या, असे आपण नेहमी पाहतो. मुक्तस्रोत प्रणालींचा इतिहास याच स्वरूपाचा आहे. मिशेल वाल्द्रिगी यांनी २००१ साली रचलेली ‘बी-टू’ ही प्रणाली कर्त्याच्या अनुपस्थितीमुळे मागे पडली, तेव्हा अमेरिकेतील मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी तिची शाखा काढली व २७ मे २००३ रोजी वर्डप्रेस प्रसिद्ध केले. जूमलाची कथा थोडी भांडणाची आहे. ‘मॅम्बो’ या प्रणालीच्या नियंत्रणावरून २००५ च्या ऑगस्टमध्ये मतभेद होऊन तिचे कर्ते बाहेर पडले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी जूमलाची पहिली आवृत्ती काढली. मॅम्बो पुढे लुप्त झाली. शाखा जिवंत राहिली. ड्रुपल मात्र मूळचेच आहे. बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाचे विद्यार्थी ड्रिस बायटार्ट यांनी आपल्या सहाध्यायांसाठी रचलेल्या निरोपफलकातून ते वाढले व जानेवारी २००१ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. पण त्यालाही २०१३ साली ‘बॅकड्रॉप’ नावाची शाखा फुटली, आणि वर्डप्रेसपासून २०१८ साली ‘क्लासिकप्रेस’ निघाली. तात्पर्य, कर्ता दूर झाला अथवा कर्त्याशी पटेनासे झाले तरी कृती पुढे नेण्याचा अधिकार वाचकाच्या हाती राहतो. विभागाच्या दृष्टीने मुक्तस्रोताचे मोल हे आहे; वाचणारे पैसे हा त्यापुढे किरकोळ लाभ ठरतो. शिवाय जी रक्कम परवान्यावर वाचते, ती बहुधा देखभालीच्या मजुरीवर खर्च करावीच लागते.

जाता जाता नावाविषयी एक गोष्ट. ‘जूमला’ हे नाव स्वाहिलीतील ‘सर्व मिळून’ या अर्थाच्या ‘जुम्ला’ शब्दावरून घेतले आहे. तो शब्द मूळ अरबी असून आपल्याकडेही तो फारसीच्या मार्गाने आला. हिशेबातील एकूण बेरीज या अर्थी ‘जुमला’, आणि शिवकालीन सैन्यरचनेतील ‘जुमलेदार’ हे त्याचेच आप्त. मराठी विभागाने केवळ नावावरून निवड करावयाची असती तर प्रश्न येथेच सुटला असता.

निवडीच्या आधी विभागाने आपल्या आशयाची मोजदाद केली पाहिजे. सामान्यतः तो तीन-चार प्रकारचा असतो. प्रवेश, परीक्षा, व्याख्याने यांच्या सूचना, अध्यापकांची माहिती, विभागाचे संशोधनपत्र, आणि काही विभागांत हस्तलिखिते, लोकगीते, बोलींचे नमुने किंवा ग्रंथसूची यांसारखा संग्रह. यांपैकी संशोधनपत्राचे अंक जर परीक्षकांकडे लेख पाठविणे, दुरुस्त्या मागविणे, अंकवार प्रकाशन करणे या पूर्ण प्रक्रियेसह चालवावयाचे असतील, तर सर्वसाधारण प्रणालीला वळण लावण्याचा खटाटोप करू नये. त्यासाठी ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही प्रणाली खास निर्माण झालेली आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॉन विलिन्स्की यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या ‘पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट’ या उपक्रमातून ती तयार झाली. प्रबंधांचे भांडार करावयाचे असेल तर एमआयटीची ग्रंथालये आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘डीस्पेस’ आहे. भारतीय प्रबंधांचा ‘शोधगंगा’ हा संग्रह त्याच प्रणालीवर चालतो. लहान वस्तुसंग्रहाच्या प्रदर्शनासाठी अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहासकेंद्राने केलेले ‘ओमेका’ पाहण्यासारखे आहे. एकाच प्रणालीने सर्व कामे करावीत हा आग्रह अनेक संकेतस्थळांच्या दुर्दशेचे कारण झालेला आहे. तथापि सूचना, माणसे, पत्राचे जुने अंक आणि मध्यम आकाराची सूची एवढाच पसारा असेल, आणि बहुसंख्य विभागांचा तो तेवढाच असतो, तर उपर्युक्त तिघांपैकी एक पुरेशी होते.

तिन्ही प्रणाली पीएचपीत लिहिलेल्या, तिन्ही मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसवर चालणाऱ्या. त्यांतील खरा भेद आशयाच्या कल्पनेत आहे. वर्डप्रेस हे दैनंदिनी लिहिण्यासाठी जन्मले. त्याच्या दृष्टीने जगातील प्रत्येक वस्तू ही ‘लेख’ आहे : तिला शीर्षक आहे, मजकूर आहे, दिनांक आहे. जून २०१० मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपासून लेखाचे नवे प्रकार करणे सुलभ झाले, म्हणजे ‘पोथी’ असा एक प्रकार आपल्याला करता येतो. पण पोथीचे जे विशेष, म्हणजे कर्ता, लेखनशक, लिपी, पत्रसंख्या, प्राप्तिस्थान, ते सर्व एकाच लांबट तक्त्यात नाव व मूल्य अशा जोड्यांनी साठवले जातात. तेथे शके १६४२ हा आकडा आणि ‘पैठण’ हे गाव यांत प्रणालीला भेद दिसत नाही. दोन्ही केवळ मजकूर. त्या तक्त्यातील नावांना अनुक्रमणी आहे, मूल्यांना नाही. त्यामुळे ‘शके १६०० ते १७०० मधील, मोडी लिपीतील, अपूर्ण पोथ्या’ असा प्रश्न विचारला की प्रत्येक अटीसाठी तो तक्ता पुन्हा जोडून पाहावा लागतो. पाचशे नोंदी असतील तर वाचकाला काही जाणवत नाही. पन्नास हजार असतील तर जाणवते.

ड्रुपलची दृष्टी उलट आहे. त्याला प्रथम सांगावे लागते की आपल्या जगात कोणकोणत्या वस्तू आहेत आणि त्यांना कोणकोणते विशेष आहेत. लेखनशक ही संख्या, लिपी हा ठरीव यादीतील पर्याय, कर्ता हा दुसऱ्या एका नोंदीकडे जाणारा दुवा. प्रत्येक विशेषाला स्वतःचा तक्ता मिळतो. ‘व्ह्यूज’ नावाचे यादी रचण्याचे साधन आवृत्ती ८ पासून गाभ्यातच समाविष्ट असल्याने वर दिलेला प्रश्न एक ओळही आज्ञावली न लिहिता, केवळ पर्याय निवडून विचारता येतो. सूचीकाराला ही विचारपद्धती आपलीच वाटेल. प्रत्येक वर्णनात्मक सूचीच्या आरंभी रकाने ठरविण्याचे जे काम करावे लागते, तेच येथे करावयाचे असते. त्याची किंमत अशी की हे सर्व ठरविल्यावाचून ड्रुपल उपयोगास येत नाही, आणि ते ठरवून घेण्यास जाणता माणूस लागतो. सूचना फलकावर दोन ओळी लावावयाच्या असताना एवढा विधी कशाला, असे कार्यालयातील मंडळींना वाटते, आणि त्यांचे वाटणे चूक नाही.

दिनांकाच्या रकान्याविषयी येथेच इशारा दिला पाहिजे. तिन्ही प्रणालींचा ‘दिनांक’ हा ग्रेगरी पंचांगाचा असतो. पोथीच्या पुष्पिकेत शक, संवत्सर, मास व तिथी असते. शकात ७८ मिळवून इसवी सन काढावा तर पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना बहुधा ७९ मिळवावे लागतात. यास्तव पुष्पिकेतील कालनिर्देश जसाच्या तसा मजकुराच्या रकान्यात, शक संख्येच्या रकान्यात, आणि गणिताने काढलेला इसवी दिनांक तिसऱ्या रकान्यात, अशी विभागणी करावी. प्रणालीच्या सोयीसाठी मूळ निर्देश टाकून देणे हा सूचीचा अपराध ठरेल.

जूमला या दोहोंच्या मध्ये बसते. प्रत्येक लेख एका आणि एकाच वर्गात असावा, अशी तिची मूळ शिस्त आहे. खूणशब्द २०१३ च्या ३.१ मध्ये आणि स्वतंत्र रकाने २०१७ च्या ३.७ मध्ये आले. तिची दोन अंगे मात्र चांगली आहेत : कोणी काय पाहावे व काय बदलावे याचे बारीक अधिकारवाटप, आणि एकाहून अधिक भाषांची सोय, ही दोन्ही जानेवारी २०११ च्या १.६ पासून गाभ्यातच आहेत. मराठी व इंग्रजी अशी समांतर पाने ठेवू इच्छिणाऱ्या, पण फार गुंतागुंतीचा संग्रह नसलेल्या विभागाने तिचा विचार जरूर करावा. ड्रुपलमध्येही बहुभाषिकता आवृत्ती ८ पासून गाभ्यात आहे. वर्डप्रेसमध्ये ती नाही. त्यासाठी प्लगिन घ्यावे लागते, आणि दोन भाषांच्या पानांची जोडी कोणती हे ज्ञान त्या प्लगिनपाशीच राहते.

आता मराठीच्या विशेष प्रश्नांकडे येऊ. इंग्रजी मार्गदर्शिकांत यांचा उल्लेख नसतो, म्हणून येथे थोडा विस्तार करतो.

पहिला प्रश्न पानाच्या पत्त्याचा. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता तयार करते आणि तो साठविण्यासाठी डेटाबेसमध्ये २०० चिन्हांची जागा ठेवलेली आहे. इंग्रजी शीर्षकाला ती भरपूर होते. देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्ह मात्र युनिकोडच्या प्रचलित संकेतनात तीन बाइटांचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे एका वर्णचिन्हाला नऊ जागा. येथे वर्णचिन्ह म्हणजे अक्षर नव्हे : व्यंजन, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांची गणना वेगवेगळी होते. उदाहरणार्थ ‘मराठी हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची’ हे शीर्षक घ्यावे. ‘मराठी’ची पाच चिन्हे, ‘हस्तलिखितांची’ची तेरा, मधले दोन जोडरेघांचे ठिपके धरून १६४ जागा संपतात, उरलेल्या ३६ मध्ये आणखी चारच चिन्हे बसतात आणि पत्ता ‘मराठी-हस्तलिखितांची-वर्ण’ येथे तुटतो. ‘मराठी हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची : पुरवणी’ असे दुसरे पान केले तर त्याचाही पत्ता तोच होऊ पाहतो, व प्रणाली त्यापुढे केवळ २ हा अंक लावते. शोधनिबंधात असा पत्ता उद्धृत करणे म्हणजे दीड-दोनशे निरर्थक चिन्हांची ओळ छापणे होय. उपाय सोपा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून अमलात आणला पाहिजे : पत्ता शीर्षकावरून होऊ देऊ नये, अंक व पृष्ठ, किंवा सूची क्रमांक, यांवरून आखूड पत्ता स्वतः द्यावा. ड्रुपलमध्ये ‘पाथऑटो’ या मॉड्यूलने असा नियम एकदा लावून ठेवता येतो; वर्डप्रेसमध्ये तो लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून राहतो.

दुसरा प्रश्न शोधाचा, आणि येथे साध्या साधनाने कधी कधी जाणत्या साधनावर मात केलेली दिसते. वर्डप्रेसचा मूळ शोध अगदी ओबडधोबड आहे : दिलेली अक्षरे मजकुरात कोठेही सलग आढळली की झाले. ड्रुपलच्या गाभ्यातील शोध पूर्ण शब्दांची अनुक्रमणी करतो. इंग्रजीत दुसरी पद्धत श्रेष्ठ ठरते. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. त्यामुळे ‘पैठण’ शोधणाऱ्याला वर्डप्रेस ‘पैठणच्या’, ‘पैठणहून’, ‘पैठणकर’ हे सर्व दाखविते, ड्रुपलचा मूळ शोध यांतील काहीच दाखवीत नाही. सामान्यरूपात मूळ शब्दच बदलला की मात्र दोन्ही हरतात : ‘ओवी’ शोधून ‘ओव्या’ मिळत नाहीत, ‘पोथी’ शोधून ‘पोथ्या’ मिळत नाहीत. म्हणून मोठ्या संग्रहात विषयशब्दांची नियंत्रित यादी ठेवून प्रत्येक नोंदीला ती जोडण्यास पर्याय नाही. ग्रंथपालांनी हे काम फार पूर्वीपासून केलेले आहे.

याला लागूनच टंकनभेदाचा प्रश्न येतो. ‘आचाऱ्यांना’ यातील अर्धा र कोणी ऱ या स्वतंत्र चिन्हाने टंकित करतो, कोणी र खाली नुक्ता देऊन, कोणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह योजून. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसतात. यंत्राला ते तीन शब्द आहेत. यांतील पहिली दोन रूपे युनिकोडच्या सामान्यीकरणाने एक करता येतात, तिसरे होत नाही. जुन्या अंकांचा मजकूर श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटांत असेल तर तो युनिकोडमध्ये आणताना अशी मिश्रणे हमखास होतात. मजकूर प्रणालीत भरण्यापूर्वीच तो एकसारखा करून घ्यावा.

मोडीचा विचार केला तर आणखी एक गोष्ट निघते. युनिकोडमध्ये मोडी लिपीला जून २०१४ च्या ७.० या आवृत्तीत स्थान मिळाले, पण ते अशा प्रदेशात की तिच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८’ या नावाने दीर्घकाळ जो प्रकार वापरात होता तो तीनच बाइटांपर्यंत साठवतो. देवनागरी त्यात राहते, मोडी राहत नाही. आणि डेटाबेसची शिस्त सैल ठेवलेली असेल तर मोडीचे पहिले चिन्ह येताच पुढचा मजकूरही गुपचूप कापला जातो. वर्डप्रेसने एप्रिल २०१५ च्या ४.२ मध्ये, जूमलाने २०१६ च्या ३.५ मध्ये आणि ड्रुपलने आवृत्ती ८ मध्ये चार बाइटांचा प्रकार स्वीकारला. आज नव्याने सुरुवात करणाऱ्यास अडचण येऊ नये. पण जुना डेटाबेस नव्या प्रणालीत आणला असेल तर तक्त्यांचा प्रकार एकदा तपासून पाहावा. मोडीचे दहा शब्द भरून, पान जतन करून, पुन्हा उघडून पाहणे ही पाच मिनिटांची परीक्षा आहे.

वर्णानुक्रमाची तक्रार तिन्हींबद्दल आहे. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या पुढे येतो. क्ष यंत्राच्या लेखी क या वर्णात पडतो. सूचीचा क्रम शुद्ध हवा असेल तर क्रमनिश्चितीसाठी वाचकाला न दिसणारा एक वेगळा रकाना ठेवावा.

यापुढचा प्रश्न देखभालीचा, आणि माझ्या मते अंतिम निर्णय याच प्रश्नावर झाला पाहिजे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एक गंभीर दोष जाहीर करण्यात आला व त्याच वेळी दुरुस्तीही प्रसिद्ध झाली. भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षामंडळाने जाहीर केले की घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपले संकेतस्थळ परक्यांच्या ताब्यात गेले असे गृहीत धरावे. सात तास म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. कोणत्या विभागात त्या रात्री कोणी जागे असणार होते? वर्डप्रेसने किरकोळ व सुरक्षाविषयक दुरुस्त्या आपोआप बसविण्याची सोय ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ मध्येच आणली होती. तंत्रज्ञ नसलेल्या विभागाला या एका सोयीचे मोल ड्रुपलच्या साऱ्या रचनासौंदर्यापेक्षा अधिक आहे. अर्थात वर्डप्रेसचा गाभा सुरक्षित राहिला तरी धोका बहुधा प्लगिनांतून येतो. त्याच्या अधिकृत संग्रहात पन्नास हजारांहून अधिक प्लगिने आहेत, त्यांतील कित्येकांचे कर्ते ती सोडून गेलेले आहेत. दहाहून अधिक प्लगिने लागू लागली की आपण चुकीची प्रणाली निवडली आहे काय, असे स्वतःला विचारावे.

प्लगिनांबाबत अलीकडची एक घटना बोधक आहे. वर्डप्रेसमध्ये स्वतंत्र रकाने करण्यासाठी ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ हे प्लगिन फार वापरले जाते. ते ज्या डब्ल्यूपी इंजिन या कंपनीकडे होते तिचा आणि मुलेनवेग यांचा सप्टेंबर २०२४ मध्ये वाद सुरू झाला, आणि ऑक्टोबरमध्ये अधिकृत संग्रहातील त्या प्लगिनची जागा दुसऱ्या नावाच्या शाखेने घेतली. डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. वादात कोण बरोबर होते हा आपला प्रश्न नाही. परंतु सूचीचे सर्व रकाने ज्या एका साधनावर आधारलेले आहेत त्याची मालकी आपल्या अपरोक्ष हलू शकते, हे ध्यानी घेणे भाग आहे. परवाना मुक्त असला तरी वाटपाचे दार एकाच्या हाती असू शकते.

ड्रुपलचा दोष निराळा. ५ जानेवारी २०११ रोजी प्रसिद्ध झालेल्या ड्रुपल ७ ची देखभाल, मुदत अनेकदा वाढवून, बरोबर चौदा वर्षांनी म्हणजे ५ जानेवारी २०२५ रोजी थांबली. मुदत एवढी लांबली, कारण नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेले ८ हे जवळजवळ नवीन बांधकाम होते. जुने साचे व मॉड्यूले त्यावर चालत नव्हती आणि आशयाचे स्थलांतर करावे लागत होते. ज्यांच्यापाशी तंत्रज्ञ व पैसा होता ते गेले. लहान संस्था जागीच राहिल्या. आवृत्ती ८ नंतर ही वाट बरीच सुकर झाली आहे, तरी दर दोन-तीन वर्षांनी एक मोठी आवृत्ती येते आणि ती अंगीकारण्यास जाणकार लागतो. मोठ्यांनाही अशा वेळी फेरविचार करावा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने २००९ मध्ये ड्रुपल स्वीकारले होते. २०१७ च्या डिसेंबरात ते वर्डप्रेसवर गेले.

तेव्हा प्रस्तुत लेखकाचे मत असे. ज्या विभागात कायम तंत्रज्ञ नाही आणि आशय मुख्यतः सूचना व लेख एवढाच आहे, त्याने वर्डप्रेस घ्यावे, प्लगिने मोजकी ठेवावीत आणि पत्त्यांची शिस्त पाळावी. जेथे संग्रह मोठा, परस्परसंबंध गुंतागुंतीचे, आणि विद्यापीठाच्या संगणक केंद्रातील किमान दोन माणसांनी लेखी जबाबदारी घेतलेली आहे, तेथे ड्रुपल. दोन लिहिले आहे ते विचारपूर्वक. एका माणसाची बदली होते. जूमलाची शिफारस मी सावधपणे करतो, कारण रचना चांगली असली तरी ती जाणणारे विद्यार्थी आता कमी भेटतात, आणि विभागाचे संकेतस्थळ शेवटी विद्यार्थीच चालवितात.

निर्णयापूर्वी एक प्रयोग करावा, त्यास महिन्याहून अधिक वेळ लागत नाही. विभागाच्या संग्रहातील पंचवीस नोंदी निवडाव्यात. त्यांत एक मोडीतील, एक अतिदीर्घ शीर्षकाची, एक कर्ता अज्ञात असलेली आणि एक शकाचा उल्लेख संदिग्ध असलेली जरूर असावी. त्या दोन प्रणालींत भराव्यात. भरण्याचे काम तंत्रज्ञाकडे न देता कार्यालयातील लिपिक आणि प्रथम वर्षाचा विद्यार्थी यांच्याकडे द्यावे आणि ते कोठे अडतात ते टिपून ठेवावे. मग त्या सर्व नोंदी बाहेर काढून रिकाम्या सर्व्हरवर पुन्हा उभ्या कराव्यात. परीक्षेचा हा भाग बहुतेक जण गाळतात. वर्डप्रेस आपला आशय एका एक्सएमएल फाइलमध्ये देते, पण त्यात चित्रांचे केवळ पत्ते असतात, चित्रे नसतात. ती ‘अपलोड्स’ नावाच्या फोल्डरमधून वेगळी उतरवावी लागतात. ड्रुपलमध्ये डेटाबेस, फाइलींचे फोल्डर आणि रचनेची निर्यात अशा तीन गोष्टी बरोबर घ्याव्या लागतात. हे सर्व ज्या कागदावर लिहून ठेवाल तो कागद पासवर्डांसह विभागाच्या दप्तरात, जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीशेजारी ठेवावा, आणि दर वर्षी जूनमध्ये त्या कागदावरून बॅकअप प्रत्यक्ष उघडून पाहावा.